मुलांच्या शिक्षणाची फ्रँचायझी घेतली, तर सेंटरवर रोज नेमकं काय चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलांना गणित आणि वाचन शिकवणाऱ्या एका ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचा विचार चालू आहे. माहितीपत्रकात 'तयार अभ्यासक्रम, संपूर्ण प्रशिक्षण, कायम सहकार्य' असं सगळं छापलेलं आहे. पण सेंटर उघडल्यावर दिवसभर काय होतं, कंपनी काय करते, मालकाच्या अंगावर काय पडतं आणि पैसे नेमके कुठून सुटतात, हे कोणी धड सांगत नाही.

मी अशी सेंटरं चालवली आहेत, आणि पुढे नव्या सेंटरचालकांना उभं करायचं कामही केलंय. त्या अनुभवावरून लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ती डोक्यात राहील. ब्रँडचं नाव पालकाला पहिल्यांदा दारापर्यंत आणतं, तिथून पुढे ब्रँडचा फारसा संबंध राहत नाही. मूल सहाव्या महिन्यात येतंय की नाही, बाराव्यात येतंय की नाही, यावर सेंटर जगतं किंवा बंद पडतं. ॲडमिशनचे आकडे दाखवून फ्रँचायझी विकली जाते, पण सेंटर चालतं ते टिकलेल्या मुलांवर.

आधी कंपनी तुम्हाला विकते काय, ते बघू. चांगला शिक्षक विकत मिळत नाही आणि कुठली कंपनी तो देऊही शकत नाही. कंपनी देते तो क्रम: कशानंतर काय शिकवायचं, किती सराव झाला की पुढे सरकायचं, आणि हे ठरवायला सेंटरवरच्या माणसाला फार डोकं चालवावं लागू नये अशी बांधणी. या धंद्याचा एक जुना आणि ठळक नमुना म्हणजे कुमोन. जपानमधले गणिताचे शिक्षक तोरू कुमोन यांनी १९५४ मध्ये आपल्या दुसरीतल्या मुलासाठी हाताने वर्कशीट लिहायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये ओसाकात कार्यालय थाटलं. आज त्यांचं गणित ७ए या पातळीपासून ओ पर्यंत जातं. अगदी आकडे मोजण्यापासून कॅल्क्युलसपर्यंत छोट्या छोट्या पायऱ्या आहेत. मूल आठवड्यातून साधारण दोनदा सेंटरवर येतं आणि बाकीच्या दिवशी घरी रोज थोडी पानं सोडवतं. वर्गापुढे उभं राहून शिकवणं तिथे जवळजवळ नसतंच.

दुसरा प्रकार अमेरिकेत वाढला. १९७७ मध्ये हंटिंग्टन आणि १९७९ मध्ये सिल्व्हन सुरू झालं. तिथे आधी तपासणी करून कच्च्या जागा शोधायच्या आणि शिक्षकाने अगदी मोजक्या मुलांकडे बसून त्या भरून काढायच्या. मॅथनॅझियम २००२ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं, तेही याच घरातलं, फक्त गणितापुरतं. तिसरा प्रकार ठराविक मुदतीच्या लेव्हलचा: ॲबॅकस, कोडिंग, रोबोटिक्स. यात बॅच असते, लेव्हल संपते, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं आणि पुढच्या लेव्हलची फी भरायची वेळ येते. पूर्व-प्राथमिक शाळेची फ्रँचायझी हा मात्र वेगळाच संसार आहे. तिथे पालक घरापासूनचं अंतर आणि सुरक्षितता बघून निवड करतात, अभ्यासक्रम नंतर. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

हे प्रकार सांगायचं कारण असं की तुमचा पगारखर्च, जागा आणि गळती (म्हणजे किती मुलं मध्येच सोडून जातात) तिन्ही यावरून ठरतात. वर्कशीटवर चालणाऱ्या सेंटरमध्ये एक माणूस आठ-दहा मुलं सांभाळू शकतो. मोजक्या मुलांमागे एक शिक्षक असेल तर फी जास्त घेता येते, पण पगारही तितकेच वाढतात. लेव्हलच्या पद्धतीत प्रत्येक लेव्हलच्या शेवटी पालकाला थांबायची आयती संधी मिळते. रोबोटिक्समध्ये किटचे तुकडे हरवतात आणि ते तुम्हालाच भरावे लागतात. माहितीपत्रकात हा खर्च कधीच दिसत नाही.

आता एका मुलाचा प्रवास बघा. पालकांचा फोन किंवा मेसेज येतो. त्याच दिवशी उलटा फोन गेला तर ते सहसा येऊन जातात. दोन दिवस गेले की त्यांनी दुसरीकडे विचारलेलं असतं. आल्यावर लगेच फी सांगायची नाही, आधी मुलाची तपासणी करायची. तपासणी म्हणजे कंपनीने दिलेली चाचणी, वीस-तीस मिनिटांची. बहुतेक नवे सेंटरचालक तीत फक्त गुण बघतात. खरं बघायचं असतं ते मूल सोडवताना करतं काय: बोटं मोजतंय का, ओठ हलतात का, एकाच जागी तीनदा खोडतंय का, सोप्या गणिताला किती वेळ लावतंय. उत्तर बरोबर असूनही वेळ दुप्पट लागत असेल तर पाया कच्चा आहे, हे गुणांवरून कधीच कळत नाही.

त्यानंतरचं बोलणं सगळ्यात अवघड. चौथीतल्या मुलाला तुम्ही दुसरीच्या पातळीवरून सुरू करायला सांगता आणि आईचा चेहरा उतरतो. "पण सर, त्याला हे सगळं येतं हो!" हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की पाठ होईल. इथे नवे लोक कच खातात आणि मुलाला वरच्या पातळीवर बसवून टाकतात, कारण समोरची ॲडमिशन जाईल ही भीती. असं मूल पाचव्या-सहाव्या आठवड्यात अडतं, घरी रडतं आणि महिन्याभरात बंद होतं. खालून सुरू केलेलं मूल पहिले काही आठवडे भराभर पानं संपवतं, शंभरपैकी शंभर मिळवतं आणि त्याला स्वतःला वाटतं की आपल्याला जमतंय. पालकांना हे आधीच सांगून ठेवायचं: "पहिला महिना तुम्हाला वाटेल की हे फारच सोपं आहे. ते मुद्दामच आहे. दुसऱ्या महिन्यात आपण परत बोलू." आणि दुसऱ्या महिन्यात खरंच बोलायचं, विसरायचं नाही.

सेंटरवरचा एखादा तास जवळून पाहिला तर यंत्रणा कळते. मूल दारातून येतं, हजेरी लागते. घरी सोडवून आणलेली पानं ते तपासणीच्या ट्रेमध्ये टाकतं, कपाटातून आपलं फोल्डर काढतं, जागेवर बसतं आणि पानावर सुरुवातीची वेळ लिहितं. हे सगळं कुणी न सांगता व्हायला हवं; ज्या सेंटरवर प्रत्येक मुलाला "बस, फोल्डर काढ, पेन्सिल कुठेय?" असं सांगावं लागतं तिथे माणसं दमतात आणि शिकवणं राहून जातं. तोवर मदतनीस घरची पानं तपासते. चुकीवर फक्त खूण, बरोबर उत्तर लिहायचं नाही. मूल आधी कालच्या चुका दुरुस्त करतं, मग आजची पानं.

समजा एका मुलीने ४०२ वजा १७८ याचं उत्तर ३७६ लिहिलंय. चूक अशी खूण करून पान परत दिलं तर ती पुन्हा तेच लिहील. नीट बघितलं तर तिने काहीही अंदाजाने केलेलं नाही. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ८ मधून २ गेले ६, ७ मधून ० गेलं ७, ४ मधून १ गेला ३. ही वजाबाकीतली सगळ्यात ओळखीची चूक आहे. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीचा अभ्यास करून दाखवलं होतं की अशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मूल एक चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. चांगली शिक्षिका इथे "हातचा घे" असं ओरडत नाही. ती विचारते, "तुझ्याकडे दोन सुटे आहेत, त्यातले आठ तू कसे देणार?" मुलगी थांबते, दशकाकडे बघते, तिथे शून्य आहे. मग शतक फोडायचं, त्यातून दशक, दशकातून सुटे. मग २२४ येतं. या सगळ्याला दीड मिनिट लागतं. तेवढ्या वेळात बाकीची नऊ मुलं स्वतःचं काम करत राहायला हवीत, आणि वर्कशीटचा बारीक चढ असतो तो त्यासाठीच.

आणि मग नोंद. तारीख, कुठली पानं, किती चुका, किती वेळ, आज काय अडलं. नोंद नसेल तर पुढच्या वेळी दुसरी शिक्षिका असली की सगळं पहिल्यापासून. अनेक ब्रँड हे सॉफ्टवेअरवर घेतात. ते तुमच्या सोयीसाठी असतं तितकंच कंपनीच्याही, कारण किती मुलं चालू आहेत हे तिला त्यातूनच कळतं आणि रॉयल्टी, म्हणजे तुम्ही दर महिन्याला कंपनीला द्यायचा वाटा, त्यावर मोजता येते.

जाहिरातीत तुम्हाला कदाचित 'एकास एक शिकवणीने मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं' अशा अर्थाचं काही दिसेल. त्याचं मूळ शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखात आहे. तिथे तुलना होती एकट्या मुलाला शिकवणाऱ्या प्रशिक्षित माणसाशी, शिवाय आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाण्याची अट होती. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. तोही चांगलाच परिणाम आहे, पण दहा मुलांमागे एक माणूस असलेल्या सेंटरवर तोसुद्धा आपोआप मिळत नाही. म्हणून पालकांना ९८ टक्क्यांची स्वप्नं दाखवू नका. "तीन महिन्यांत पाढे आणि वजाबाकी पक्की होईल, गृहपाठाला वेळ कमी लागेल" एवढंच सांगा आणि ते करून दाखवा.

आता पैशाचं गणित. चलन कुठलंही असो, हिशेब एका मुलाच्या महिन्याच्या फीमध्ये करायचा, म्हणजे डोक्यात बसतो. धरा, जागेचं भाडं १५ फी, पगार २२ फी, आणि वीज, इंटरनेट, स्थानिक जाहिरात, किरकोळ दुरुस्ती मिळून ८ फी. एकूण ४५. कंपनीची रॉयल्टी २० टक्के आणि साहित्य ५ टक्के धरलं तर प्रत्येक फीतून तुमच्या हातात पाऊण भाग राहतो. ४५ भागिले ०.७५, म्हणजे ६० मुलं झाली की सेंटर ना नफा ना तोटा या रेषेवर. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही! तुम्ही महिनाभर तिथे उभे राहता त्याचे १५ फी धरले तर आकडा ८० वर जातो. कंपनीच्या तक्त्यात मालकाचा पगार बहुतेक वेळा नसतो आणि म्हणून ते तक्ते इतके छान दिसतात.

खोलीत किती मुलं मावतील, हेही याच वेळी मोजा. २० खुर्च्या, दिवसाचे ४ तास, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे ४०० खुर्ची-तास. प्रत्येक मूल आठवड्यात २ तास बसतं, म्हणजे कागदावर २०० मुलं. प्रत्यक्षात सगळ्यांना शाळा सुटल्यावरचे तेच दोन तास हवे असतात. पहिला आणि शेवटचा तास रिकामा राहतो. साठ टक्के भरलं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे १२०. तुमची ८० ची रेषा आणि १२० ची मर्यादा यांच्यामधल्या ४० मुलांत तुमची कमाई आहे. जागा छोटी घेऊन भाडं वाचवण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. कधी कधी तुम्ही ज्या जागेला 'परवडणारी' म्हणता तिथे सेंटर कधीच फायद्यात येऊ शकत नाही, कितीही मुलं आली तरी.

गळतीचा हिशेब तर याहून बोलका आहे. महिन्याला ६ टक्के मुलं सोडून जात असतील आणि ५ नवी येत असतील तर सेंटर कितीही वर्षं चालवा, साधारण ८३ मुलांवर येऊन थांबेल. कारण ८३ ची ६ टक्के म्हणजे पाच. जितकी आली तितकी गेली. तीच गळती ४ टक्क्यांवर आणली तर त्याच पाच नव्या ॲडमिशनवर सेंटर १२५ पर्यंत जातं. सरासरी मूल आधी १६-१७ महिने टिकत होतं, ते आता २५ महिने टिकतं. जाहिरातीवर एक छदामही जास्त खर्च झालेला नाही. म्हणून कुठल्याही सेंटरचालकाला मी पहिला प्रश्न विचारतो तो 'किती मुलं आहेत' हा नसतो. 'गेल्या महिन्यात किती गेली आणि का गेली' हे विचारतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं. दुसऱ्याला बरेच जण 'परीक्षा होत्या ना' म्हणून वाटेला लावतात.

मुलं जातात कशामुळे? माझ्या पाहण्यातली कारणं ठराविक आहेत. घरचा गृहपाठ होत नाही, रोज संध्याकाळी घरात त्यावरून भांडण होतं आणि एक दिवस आई म्हणते, नकोच ते. किंवा मूल एकाच पातळीवर फार दिवस अडकलेलं असतं आणि आपल्याकडून कुणी घरी फोन केलेला नसतो. किंवा शाळेच्या परीक्षेत गुण वाढत नाहीत, कारण शाळेत चालू असलेला धडा वेगळा आणि आपला पाया वेगळा, हे पालकांना कुणी समजावलेलं नसतं. फी परवडत नाही हे कारण सांगितलं जातं खूपदा, खरं असतं कमी वेळा. पालकाला 'मूल पुढे जातंय' हे दिसत असेल तर ते दुसरीकडचा खर्च आवरतात.

म्हणून महिन्याला प्रत्येक पालकाशी दोन मिनिटं बोलणं हे काम मालकाने स्वतः करायचं, कितीही मदतनीस असले तरी. दारात मुलाला न्यायला आलेल्या आईला फोल्डर उघडून दाखवायचं: हे सुरुवातीचं पान, २४ मिनिटं आणि ११ चुका, हे आजचं, ९ मिनिटं, १ चूक. भाषण लागत नाही. घरी गृहपाठ होत नसेल तर पानं कमी करायची, रागवायचं नाही. रोज पाच पानं न होणाऱ्या घरात दोन होतील, आणि दोन झाली तर मूल टिकेल. कंपनीचा क्षेत्र व्यवस्थापक कदाचित म्हणेल की ठरलेल्या वेगापेक्षा कमी होतंय. त्याला त्याचं म्हणू द्या.

माणसांबद्दल थोडक्यात. मदतनीस बहुतेक अर्धवेळ असतात, कॉलेजची मुलं किंवा दुपारनंतर मोकळ्या असणाऱ्या बायका, आणि वर्ष-दीड वर्षात बदलतात. ते गृहीत धरूनच यंत्रणा बसवायची. विषयात फार हुशार माणूस घेण्यापेक्षा उत्तर तोंडावर आलं तरी गप्प बसू शकणारा माणूस घ्यावा. असे कमी मिळतात. कंपनीचं प्रशिक्षण मुख्यतः मालकासाठी असतं, मदतनिसांना तुम्हालाच तयार करावं लागतं, आणि त्यात पहिला आठवडा नुसता तपासणीचा असावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कुठेही सैल राहू नका, कारण इथे एकदा बिघडलं की सावरत नाही. कामावर घेण्याआधी प्रत्येकाची चौकशी आणि पडताळणी. कुठलाही मोठा माणूस बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही अशी बसण्याची रचना, दारांना काच. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं नोंदवहीत, आणि नाव नसलेला माणूस ओळखीचा असला तरी पालकांना फोन झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. कंपनीच्या नावाचा बोर्ड असला तरी सेंटरवर काही घडलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार. बऱ्याच करारांत तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं, शेवटच्या पानांत.

आणि करार. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांचं माहितीपत्र द्यावं लागतं. त्यात कंपनीवरचे खटले, सगळे शुल्क, सुरुवातीचा अंदाजे खर्च, किती सेंटरं उघडली, किती बंद पडली आणि चालू सेंटरचालकांची संपर्कयादी असते. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, हेच मुद्दे लेखी मागा. जी कंपनी बंद पडलेल्या सेंटरांचा आकडा द्यायला टाळाटाळ करते तिच्याशी पुढचं बोलणं माझ्या मते तिथेच थांबवावं.

करार वाचताना रॉयल्टीवर जास्त वेळ घालवा. ती फीच्या टक्केवारीत आहे की दर मुलामागे ठराविक रक्कम? ठराविक असेल तर तुम्ही भावंडांना दिलेली सवलत पूर्णपणे तुमच्या खिशातून जाते. महिन्याच्या मध्ये आलेल्या मुलाची पूर्ण रॉयल्टी लागते का? फी थकली तरी रॉयल्टी भरायची का? कमीत कमी रॉयल्टीची अट आहे का, म्हणजे मुलं दहा असोत की पन्नास, ठरलेली रक्कम द्यायचीच? ही अट पहिल्या वर्षी सेंटरचं कंबरडं मोडू शकते. जाहिरात निधी वेगळा कापला जातो का, आणि त्यातून तुमच्या भागात काय होतं?

क्षेत्राचं कलम हल्ली जास्त नाजूक झालंय. नकाशावर तुमचं क्षेत्र राखीव असतं, पण ऑनलाइन वर्गांना नकाशा नसतो. तुमच्या शेजारच्या मुलाने कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट ऑनलाइन प्रवेश घेतला तर ते मूल कुणाचं, त्याची फी कुणाची? कलमात उत्तर नसेल तर सहीआधी ते लिहून घ्या. बहुतेक जुन्या करारांत ते नसतं आणि वाद तिथेच उभे राहतात.

बाहेर पडण्याचं कलमही तितक्याच बारकाईने वाचा. मुदत सहसा काही वर्षांची असते. मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या महिन्यांची रॉयल्टी मागतात का, सेंटर दुसऱ्याला विकता येतं का आणि त्यावर कंपनी किती शुल्क घेते, करार संपल्यावर किती काळ आणि किती अंतरात तुम्ही मुलांना शिकवू शकत नाही? शेवटचं कलम स्वतः शिक्षक असलेल्यांनी तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करूच नये, कारण फ्रँचायझी सोडल्यावर त्यांची साधी शिकवणीसुद्धा अडचणीत येऊ शकते.

सहीपूर्वी एक काम मात्र स्वतः करा, कंपनीने नेमून दिलेल्या 'यशस्वी' सेंटरवर नव्हे तर यादीतून तुम्ही निवडलेल्या तीन-चार सेंटरांवर जाऊन. वेळ शाळा सुटल्यानंतरच्या गर्दीची निवडा आणि सेंटरचालकाला विचारून दारापाशी तासभर बसा. मुलं स्वतःहून फोल्डर काढतात का, तपासणीच्या ट्रेमध्ये पानांचा ढीग साचलाय का, मालक पालकांशी बोलतोय की संगणकात डोकं घालून बसलाय, हे बघा. नंतर त्याला तीन प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत किती मुलं गेली, मालकाचा पगार काढायला सुरुवात केल्याला किती महिने झाले, आणि मुदत संपल्यावर करार पुन्हा करणार का. तिसऱ्या प्रश्नावर तो उत्तराआधी किती थांबतो तेही लक्षात ठेवा. एका सेंटरवर दुपारी कमी गर्दीच्या वेळीही जाऊन या. रिकाम्या खुर्च्यांसमोर माणूस जास्त मोकळेपणाने बोलतो, आणि भाडं खरं किती आहे तेही सांगतो.